मुक्याची फिर्याद

फौजदारी न्यायाची सारी इमारत एका साध्या गृहीतावर उभारलेली असते. ज्याला इजा झाली तो आपली इजा बोलून दाखवील, हे ते गृहीत होय. फिर्यादी ठाण्यावर जातो, जबानी देतो, साक्षीला उभा राहतो, उलटतपासणीला तोंड देतो. आणि तो स्वतः मरण पावला असेल, तर त्याचे आप्त त्याच्या वतीने बोलतात. शब्द कानांवर पडल्यावाचून कायद्याचे यंत्र सहसा जागचे हलत नाही. पण ज्याला वाणीच नाही, त्याने काय करावे? उपाशी बैल जबानी देत नाही. पाठ सोलवटलेले खेचर ठाण्याची पायरी चढत नाही. त्यांच्या बाबतीत इजा करणारा माणूस हाच बहुधा एकमेव साक्षीदार असतो, आणि पुष्कळदा तोच त्यांचा मालकही असतो. प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवू पाहणाऱ्या कायद्याची खरी अडचण येथे आहे. त्या अडचणीचा आज थोडा विचार करावयाचा आहे, आणि त्यासाठी उदाहरण घ्यावयाचे आहे ते झाशीचे.

झाशी हे नाव उच्चारले की मराठी मनापुढे प्रथम एक घोडा उभा राहतो. दत्तक पुत्राला पाठीशी बांधून त्यावर स्वार झालेली राणी आपण चित्रांत आणि पुतळ्यांत पाहिलेली असते. १८५७ च्या धामधुमीत उत्तरेस गेलेले वरसईचे विष्णुभट गोडसे ह्यांनी 'माझा प्रवास' ह्या आपल्या वृत्तांतात राणीच्या अश्वपरीक्षेची ख्याती आवर्जून नोंदविली आहे. घोड्याच्या अंगची छुपी दुखापत ओळखणारी माणसे विरळा असतात, आणि राणीची गणना अशा थोड्यांत होत असे. ही गोष्ट येथे सांगण्याचे कारण एवढेच, की जनावराचे दुखणे त्याच्या तोंडून कळत नाही. ते पाहणाराला ओळखावे लागते. पुढे ज्या कायद्यांचा विचार करावयाचा आहे, त्यांचे यशापयश शेवटी ह्याच एका गोष्टीवर अवलंबून आहे.

आजच्या झाशीत आणि तिच्या भोवतालच्या बुंदेलखंडात वाटसरूच्या दृष्टीस पडते ती मात्र गाय. तीही गोठ्यातली नव्हे, तर रस्त्यावरची. महामार्गाच्या मध्यभागी रवंथ करीत बसलेले, बाजाराच्या उकिरड्यावर तोंड घालणारे, रात्री शेतात शिरणारे असे गुरांचे कळप तेथे आढळतात. त्यांना तेथील लोक 'अन्ना' म्हणतात. मराठी कानाला हा शब्द थोरल्या भावाची आठवण करून देणारा आहे. पण बुंदेली बोलीत त्याचा अर्थ मोकाट सोडलेले जनावर असा होतो, आणि जनावरे अशी सोडून देण्याच्या रिवाजाला 'अन्ना प्रथा' असे नाव आहे.

ही प्रथा मुळात निर्दयपणाची नव्हती. बुंदेलखंडाची जमीन कोरडवाहू. चैत्रात रब्बीचे पीक निघाले की शेते मोकळी पडत, आणि खरिपाच्या पेरणीपर्यंत ती तशीच राहत. त्या अवधीत गावची गुरे सोडून दिली म्हणजे ती शेतातील खुंट आणि माळावरचे गवत खात, त्यांचे शेण जमिनीत पडे, आणि मालकाची वैरण वाचे. पाऊस पडला की ज्याचा तो आपले जनावर ओळखून घरी आणी. ऋतूचे आणि गावाचे हे एक जुने संगनमत होते. ते मोडले कसे, हे पाहण्यासारखे आहे. नांगराची जागा ट्रॅक्टरने घेतली आणि बैलाचे काम गेले. बैलाचे काम गेले म्हणजे गोऱ्ह्याची किंमत गेली. तेथील देशी गाय दूध थोडे देते. ती भाकड झाली की तिला पोसणे अवर्षणाने गांजलेल्या कुटुंबाला परवडत नाही. शेतात दोन पिके येऊ लागल्यामुळे मोकळ्या रानाचा काळही आखडला. परिणामी चार महिन्यांसाठी सुटणारे दावे बारा महिन्यांसाठी सुटले. २०१९ च्या पशुगणनेत देशभर सुमारे ५० लाख मोकाट गुरे मोजली गेली. त्यांपैकी जवळपास १२ लाख एकट्या उत्तर प्रदेशात होती.

अशी एक गाय आपण डोळ्यांपुढे आणू. ती भाकड आहे, उपाशी आहे, एखाद्या शेताच्या काटेरी तारेने तिचा पाय फाटला आहे. तिच्याविषयी भारतीय कायद्याला काय म्हणावयाचे आहे? ह्या प्रश्नाचे उत्तर एक नाही. कारण कायद्याने जनावराकडे आजवर निरनिराळ्या डोळ्यांनी पाहिले आहे, आणि त्या प्रत्येक डोळ्याला वेगळेच काही दिसले आहे.

पहिला डोळा मालमत्तेचा. १८६० च्या भारतीय दंड संहितेत जनावराला ठार मारणे किंवा लुळेपांगळे करणे हा अपराध 'आगळीक' ह्या सदरात घातलेला होता. आगळीक म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेची नासधूस. म्हणून ४२८ व्या कलमात जनावराची किंमत निदान दहा रुपये असावी अशी अट होती. ४२९ व्या कलमात हत्ती, उंट, घोडा, म्हैस, गाय, बैल अशांची नावेच दिली होती, आणि इतर जनावरांसाठी पन्नास रुपयांची मर्यादा घातली होती. तात्पर्य, दंड संहितेच्या दृष्टीने इजा व्हायची ती मालकाला; जनावर हे त्या इजेचे केवळ स्थान. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने ३२५ व्या कलमात ही किंमतीची अट काढून टाकली आणि कोणत्याही जनावराच्या बाबतीत पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद केली. हे पाऊल पुढचे खरे. तथापि तो अपराध अजूनही आगळीकच आहे, आणि आगळिकीची व्याख्या अजूनही मालमत्तेच्या नुकसानीवरच उभी आहे.

ह्याच डोळ्याने पाहणारा दुसरा कायदा म्हणजे १८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाचा अधिनियम. आपल्याकडचा कोंडवाडा आणि उत्तरेकडचे कांजीहौस ही त्याचीच अपत्ये. पिकात शिरलेले जनावर शेतकऱ्याने धरावे, चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवावे. मालकाने दंड आणि चाऱ्याचा खर्च भरून ते सोडवून न्यावे. ठराविक मुदतीत तो आला नाही, तर जनावराचा लिलाव व्हावा, अशी ही योजना. तिच्यात शहाणपण होते, आणि दीडशे वर्षे ती बऱ्यावाईट रीतीने चाललीही. पण तिचा सारा भार एका समजुतीवर होता: मालक जनावर सोडवायला येईल, कारण जनावराला किंमत आहे. बुंदेलखंडातील भाकड गाईने ही समजूतच खोटी ठरविली. जिला सोडवायला कोणी येत नाही आणि लिलावात जिला गिऱ्हाईक नाही, तिच्यापुढे कोंडवाड्याचा कायदा हात टेकतो. किंमत संपली की मालमत्तेचा डोळा मिटतो.

दुसरा डोळा समाजाच्या श्रद्धेचा. ह्याचीही एक नोंद झाशीच्या इतिहासात आहे. १८५४ साली संस्थान खालसा झाल्यावर इंग्रजी अमलात तेथे गोवधाला मुभा मिळाली. त्याविरुद्ध राणीने तक्रार केली आणि ती मानली गेली नाही. त्या वेळच्या असंतोषाच्या कारणांत इंग्रज इतिहासकारांनीही ह्या गोष्टीची गणना केली आहे. स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या ४८ व्या अनुच्छेदाने गोवंशाच्या रक्षणाचे धोरण राज्यांपुढे ठेवले. उत्तर प्रदेशाने १९५५ मध्ये गोवधबंदीचा अधिनियम केला, आणि २०२० च्या दुरुस्तीने त्यातील शिक्षा तीन ते दहा वर्षांचा सश्रम कारावास आणि तीन ते पाच लाख रुपये दंड इतकी वाढविली. जीव धोक्यात घालण्याच्या हेतूने गोवंशाला अन्नपाण्यावाचून ठेवणाऱ्यालाही त्याच दुरुस्तीने एक ते सात वर्षे कारावास सांगितला.

तिसरा डोळा वेदनेचा, आणि वयाने तो सर्वांत लहान. जनावराला बुद्धी आहे की नाही हा प्रश्न बाजूला ठेवून त्याला दुःख होते की नाही एवढेच पाहावे, असा विचार इंग्रज तत्त्वज्ञ बेंथम ह्याने १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडला. १८२२ मध्ये रिचर्ड मार्टिन ह्या आयरिश सभासदाच्या खटपटीने ब्रिटिश पार्लमेंटाने गुरांना निर्दयपणे वागविण्याविरुद्ध कायदा केला. आपल्याकडे १८६१ साली कलकत्त्यास आणि १८७४ साली मुंबईस प्राणिक्लेश निवारणाच्या संस्था निघाल्या. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय त्यानंतरच्या दशकातले. १८९० मध्ये अखिल भारतीय कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर राज्यसभेच्या नामनियुक्त सभासद आणि ख्यातनाम नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल ह्यांनी १९५३ साली खासगी विधेयक आणले. सरकार स्वतः विधेयक आणील असे आश्वासन पंतप्रधान नेहरूंनी दिल्यावर त्यांनी ते मागे घेतले, आणि १९६० च्या डिसेंबरात प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणारा अधिनियम संमत झाला. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या प्राणी कल्याण मंडळाची धुराही रुक्मिणीदेवींनीच वाहिली.

ह्या अधिनियमाचे वैशिष्ट्य असे, की त्यात मालकही आरोपी होऊ शकतो. आपल्या ताब्यातील प्राण्याचे कल्याण पाहणे आणि त्याला अनावश्यक क्लेश होऊ न देणे हे तिसऱ्या कलमाने कर्तव्य ठरविले. अकराव्या कलमात छळाचे प्रकार एकेक करून सांगितले आहेत: मारणे, अतिभार लादणे, आजारी जनावराला कामाला जुंपणे, अन्न, पाणी आणि निवारा न देणे, आणि आपल्या विषयाशी ज्याचा थेट संबंध पोचतो तो प्रकार, म्हणजे भूक किंवा तहान ह्यांनी हाल होतील अशा स्थितीत जनावराला वाजवी कारणावाचून टाकून देणे. कायद्याचे अक्षर पाहू गेल्यास, झाशीच्या रस्त्यावर उपाशी हिंडणाऱ्या प्रत्येक अन्ना गाईमागे एक अपराध उभा आहे.

त्या अपराधाला शिक्षा काय? पहिल्या वेळी दहा ते पन्नास रुपये दंड. तीन वर्षांच्या आत पुन्हा तसेच केले, तर पंचवीस ते शंभर रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही. हे आकडे १९८२ च्या दुरुस्तीचे आहेत. त्यानंतर चार दशके ते तसेच राहिले. शिवाय ह्यातील बहुतेक अपराध अदखलपात्र आहेत, म्हणजे पोलिसांना आपण होऊन पकडता येत नाही. आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत खटला भरला नाही, तर तो भरताच येत नाही. योगायोग असा, की कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वासरू, वळू किंवा दुभती गाय मारणाराला, तसेच पशूला हाल करून मारणाराला पन्नास पण दंड सांगितला आहे. पणाचा रुपया झाला, पन्नासाचा आकडा तेवढा राहिला!

येथे विसंगती स्पष्ट दिसते. तीच गाय, तेच गाव. तिचा वध झाला तर दहा वर्षे. तिला मालकाने रस्त्यावर सोडले आणि ती झिजून मेली, तर केंद्रीय कायद्याने पन्नास रुपये. राज्याच्या दुरुस्तीने उपासमारीला सात वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली खरी, पण तेथे जीव धोक्यात घालण्याचा हेतू सिद्ध करावा लागतो. आणि दावे सोडणाऱ्या माणसाचा हेतू गाय मरावी असा नसून ती आपल्या दारातून जावी एवढाच असतो. २०१४ च्या मे महिन्यात जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडी शर्यती ह्यांविषयी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने प्राण्याच्याही जीविताला आणि प्रतिष्ठेला मान्यता दिली आणि संसदेने ह्या शिक्षांत योग्य वाढ करावी अशी अपेक्षा व्यक्त केली. पुढे राज्यांनी दुरुस्त्या करून शर्यतींना वाट करून दिली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने त्या दुरुस्त्या वैध ठरविल्या. श्रद्धेचा आणि परंपरेचा डोळा वेदनेच्या डोळ्यापेक्षा किती बळकट आहे, ह्याचा हा अलीकडचा दाखला होय.

तर मग दंड वाढवावा, पन्नासाचे पन्नास हजार करावे, म्हणजे काम झाले असे कोणी म्हणेल. दंड वाढावयास हवा ह्याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. पन्नास रुपयांत आज एका जनावराची एक दिवसाची वैरणही येत नाही. परंतु इटलीचा विचारवंत बेक्कारिया ह्याने १७६४ मध्ये दंडशास्त्राला एक धडा दिला आहे: गुन्हेगाराला जरब बसते ती शिक्षेच्या कठोरपणाने नव्हे, तर ती चुकणार नाही ह्या खात्रीने. ज्या कायद्याखाली कोणी पकडलाच जात नाही, त्यातील शिक्षा दसपट केली तरी शून्याची दसपट शून्यच.

आणि कठोर शिक्षेला दुसरीही एक बाजू असते. २०२० च्या ऑक्टोबरात अलाहाबाद उच्च न्यायालयाने एका जामिनाच्या अर्जावर आदेश देताना असे निरीक्षण नोंदविले, की गोवधबंदीच्या कायद्याचा निरपराध माणसांविरुद्ध दुरुपयोग होत आहे. हाती लागलेले मांस तज्ज्ञाकडून न तपासताच गाईचे म्हणून दाखविले जाते. त्याच आदेशात न्यायालयाने असेही म्हटले, की गोशाळा भाकड आणि म्हाताऱ्या गाई घेत नाहीत, त्या रस्त्यावर हिंडत राहतात, आणि दूध काढून झाल्यावर त्यांना घाण खाण्यासाठी मोकळे सोडले जाते. एकाच आदेशातली ही दोन वाक्ये शेजारी ठेवून वाचावीत. पुरावा तपासण्याची शिस्त नसेल, तर कठोर कायदा निरपराध माणसाला गाठतो. आणि ज्या जनावरासाठी तो केला, त्याच्या पोटात मात्र काडी जात नाही.

कायदा चांगला असूनही तो डोळ्यांवाचून कसा पांगळा होतो, ह्याचे आणखी एक उदाहरण झाशीच्या उन्हातच सापडते. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी केंद्र सरकारने १९६५ मध्ये नियम केले. दिवसाकाठी नऊ तासांहून अधिक आणि सलग पाच तासांहून अधिक काम घेऊ नये. उष्णतामान ३७ अंशांवर जाते तेथे दुपारी बारा ते तीन जनावर जुंपू नये. गाढवावर ५० किलोंहून अधिक ओझे लादू नये. नियम दयेचा आहे आणि शहाणपणाचाही. पण वैशाख-ज्येष्ठात पारा ४५ अंशांच्या वर जाणे हे झाशीत नवल नव्हे. म्हणजे उन्हाळ्यातील बहुतेक दुपारी तेथे जुंपलेले प्रत्येक खेचर आणि प्रत्येक बैल हा नियमभंग ठरतो. तो पाहावयाला उष्णतामापक घेऊन कोण उभा आहे? आणि पाहिलाच, तर पिंजऱ्यात उभा राहील तो रोजमजुरीवर गाडी हाकणारा माणूस. भर दुपारी माल पोचलाच पाहिजे असे सांगणारा व्यापारी त्या पिंजऱ्यात कधीच दिसणार नाही. फौजदारी कायद्याचा हात स्वभावतः शेवटच्या माणसापर्यंतच पोचतो. त्याच्या मागे उभ्या असलेल्या कारणापर्यंत तो क्वचितच जातो.

गुन्हेगारीच्या शास्त्रानेही ह्या विषयाकडे फार उशिरा पाहिले. जनावरांचा छळ करणारा माणूस पुढे माणसांवर हात टाकतो, हा विचार जुना आहे. १७५१ साली हॉगार्थ ह्या इंग्रज चित्रकाराने क्रौर्याच्या चार पायऱ्या दाखविणारी चित्रमालाच काढली: पहिल्या चित्रात कुत्र्याचे हाल करणारा मुलगा पुढच्या चित्रांतून खुनापर्यंत आणि फाशीपर्यंत जातो. अमेरिकेच्या केंद्रीय तपास खात्याने २०१६ पासून प्राण्यांच्या छळाची स्वतंत्र गुन्हा म्हणून नोंद ठेवण्यास सुरुवात केली, तीही काही अंशी ह्याच विचाराने. परंतु १९९९ मध्ये पिअर्स बर्न ह्या गुन्हेगारीशास्त्रज्ञाने आपल्या व्यवसायबंधूंना एक मार्मिक प्रश्न विचारला. तुमच्या ग्रंथांत जनावर येते ते कोणाची तरी मालमत्ता म्हणून, किंवा माणसाच्या हिंसेची पूर्वखूण म्हणून. त्याला स्वतःला जी इजा होते तिचा अभ्यास कोठे आहे? हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. उद्या कोणाचा खून होऊ नये म्हणून आज कुत्र्याला वाचवावयाचे, ह्यात कुत्र्याची दया नाही. ती माणसाची स्वतःविषयीची सावधगिरी आहे. मालमत्ता आणि श्रद्धा ह्यांच्या जोडीला हा सुरक्षिततेचा आणखी एक डोळा. आणि त्यालाही जनावर दिसत नाही, जनावराच्या पलीकडचा माणूस दिसतो.

मग वेदनेच्या डोळ्याला बळ येणार कशाने? आपल्या इतिहासात ह्या प्रश्नाची उत्तरे मिळतात. १८३२ साली मुंबईत भटक्या कुत्र्यांना मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून दंगा उसळला. कुत्रे मारणाऱ्या शिपायांविरुद्ध पारशी मंडळी रस्त्यावर आली, दुकाने बंद पडली, लष्कर बोलवावे लागले, आणि पुष्कळांवर खटले झाले. हुकूम, दंगा आणि शिक्षा हे फौजदारी न्यायाचे नेहमीचे चक्र तेथे पुरे फिरले. कुत्र्यांचा प्रश्न होता तेथेच राहिला. त्यातून वाट निघाली ती दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि त्यांचे गुजराती सहकारी ह्यांनी पांजरपोळ काढली तेव्हा. पकडलेल्या जनावराला ठेवण्यास जागा झाली, त्याच्या चाऱ्यासाठी देणग्यांची सोय झाली, आणि मारण्यावाचून गत्यंतर नाही ही सबब उरली नाही. झाशीहून जवळच, दतिया जिल्ह्यातील गुजर्रा येथे, अशोकाचे नाव कोरलेला एक शिलालेख आहे. ह्याच राजाने आपल्या अन्य शिलालेखांत माणसांसाठी आणि पशूंसाठी औषधोपचाराची सोय केल्याचे, वाटेवर विहिरी खणून झाडे लावल्याचे सांगितले आहे. त्याने पशुवधावर बंधनेही घातली. पण बंधनाच्या बरोबरीने पाणी, सावली आणि औषध ह्यांचीही तरतूद केली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

उत्तर प्रदेश सरकारने २०१९ पासून मोकाट गुरांसाठी आश्रयस्थाने काढली, त्यासाठी विशेष उपकर बसविला, आणि जनावरामागे रोज ३० रुपये, पुढे २०२३ मध्ये ५० रुपये देण्याची व्यवस्था केली. ही दिशा योग्य आहे. पण आश्रयस्थानाच्या फाटकाआड गेलेले जनावर पुन्हा दृष्टीआड होते. तेथे त्याला चारा मिळतो की नाही, आजाऱ्याला वैद्य मिळतो की नाही, मेलेले कशाने मेले, हे पाहणारा कोणी नसेल, तर रस्त्यावरची उपासमार भिंतीआड गेली एवढाच फरक. म्हणून निवाऱ्याच्या जोडीला साक्षीदार हवा. २००१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात प्राणिक्लेश निवारण संस्था असणे आवश्यक आहे. ती कागदावर न राहता तिच्यात पशुवैद्य असावा, त्याने तपासलेल्या जखमेची नोंद पुराव्याच्या दर्जाची असावी, आणि तीन महिन्यांची मुदत उलटण्यापूर्वी ती न्यायालयात पोचावी. गोडसे भटजींनी वाखाणलेली ती दुखणे ओळखणारी नजर आज एका व्यक्तीत असून भागणार नाही. ती संस्थेत आणावी लागेल.

दुसरी गोष्ट मालकाच्या जबाबदारीची. आता गुरांच्या कानांत बारा आकडी क्रमांकाचा बिल्ला घालण्यात येतो. त्यावरून मालक सापडू शकतो. पण सोडण्यापूर्वी बिल्ला कापून टाकणे काही अवघड नाही, आणि पकडले जाण्याची धास्ती जितकी वाढेल तितके कापले जाणारे बिल्लेही वाढतील. म्हणून जनावर आणून देणाऱ्या मालकाला प्रथम अभय असावे, आणि रस्त्यावर सोडणाऱ्याला मात्र हमखास, मग तो लहान का असेना, दंड व्हावा. प्रामाणिक माणसाला दुसरा मार्ग उघडा असेल तरच पहिला मार्ग पत्करणाऱ्याला न्यायाने शिक्षा करता येते. वाजवी कारणावाचून टाकून देणे असे शब्द अकराव्या कलमात आहेत. ज्याच्या घरी वैरण नाही आणि गावात आश्रय नाही, त्याचे कारण वाजवी की गैरवाजवी, ह्याचा निवाडा करताना कोणाही सहृदय न्यायाधीशाची लेखणी थबकेल. तिसरी गोष्ट वैरणीची. भारतीय गवताळ भूमी आणि चारा संशोधन संस्था १९६२ पासून झाशीतच काम करीत आहे. ज्या शहरात गवताचे शास्त्र शिकले जाते, त्याच्याच भोवतालच्या मुलुखात गुरे गवतावाचून हिंडावीत, हे चित्र पालटणे ठाणेदाराच्या हाती नाही. गायरानांची अतिक्रमणे हटवून तेथे चारा वाढविणे हे काम गावाचे आणि शासनाचे आहे.

ज्या शेतकऱ्याचे उभे पीक एका रात्रीत अन्ना कळपाच्या पोटात जाते, त्याने थंडीत माचणावर बसून राखण करावी आणि वर दयाधर्माचा उपदेशही ऐकावा, हे न्यायाचे नाही. तारेने फाटलेला गाईचा पाय आणि तिने तुडविलेला हरभरा ह्या दोन फिर्यादी एकमेकींच्या विरोधी वाटतात. वास्तविक त्या एकाच अन्यायाच्या दोन बाजू आहेत. दोघांनाही इजा करणारी गोष्ट एकच, ती म्हणजे काम संपताच जनावराला हिशेबातून वजा करण्याची सवय. त्या सवयीचा लाभ आपण सर्वांनी घेतला आहे. स्वस्त दूध पिणाराने घेतला आहे, आणि ट्रॅक्टरने पिकलेले धान्य खाणारानेही घेतला आहे. मग त्याची किंमत एकट्या बुंदेली शेतकऱ्याने आणि त्याच्या मुक्या गाईने का मोजावी?

मुक्याची फिर्याद कोणत्याही ठाण्यावर आपण होऊन नोंदली जात नाही. ती कोणीतरी पाहावी लागते, लिहून घ्यावी लागते, पुराव्याने सिद्ध करावी लागते. आणि निकाल लागल्यावर त्या मुक्या जिवाला कोठे न्यावयाचे ह्याची तजवीज आधीच करून ठेवावी लागते. एवढे झाले तर पन्नास रुपयांचा कायदाही काही काम करील. एवढे झाले नाही, तर दहा वर्षांचा कायदा ग्रंथालयातील कपाटात शोभेल, आणि झाशीच्या रस्त्यावरची गाय होती तेथेच, भर उन्हात, रवंथ करण्यासारखे पोटात काही नसताना उभी राहील.